डॉग शोला पहिल्यांदा आलेल्यांना आपलंसं कसं करावं

सात-आठ वर्षांपूर्वीची डिसेंबरातली सकाळ. पुण्यातल्या एका डॉग शोत एक तरुण जोडपं रिंगच्या दोरीपाशी उभं होतं. सोबत त्यांची चॉकलेटी लॅब्रॅडॉर, वर्षभराची मादी, नुकतीच आंघोळ घातलेली, गळ्यात लाल रिबन. नवऱ्याच्या हातात नंबराचं कार्ड होतं. ते दंडाला लावायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माइकवरून ‘लॅब्रॅडॉर, ज्युनिअर बिच’ असं त्यांच्याच वर्गाचं नाव दोनदा पुकारलं गेलं. ती दोघं आपल्या कुत्रीचं नाव पुकारतील म्हणून वाट बघत राहिली. वर्ग आटोपला, वहीत त्यांच्या नंबरापुढे ‘गैरहजर’ लागलं. पाऊण तासाने त्यांनी टेबलावर चौकशी केली, काय झालं ते कळलं, आणि ती निघून गेली. पुन्हा कधी कुठल्या शोत दिसली नाहीत.

मी त्यांच्यापासून पंधरा पावलांवर होतो. हातात कॅटलॉग, म्हणजे शोतल्या कुत्र्यांची छापील यादी होती, त्यात त्यांचा नंबर होता, आणि ती नवखी आहेत हे मला दिसत होतं. तरी मी माझ्याच कुत्र्याचे केस विंचरत राहिलो. ही गोष्ट मला अजून लागते. तेव्हापासून प्रत्येक शोत मी निदान एक नवं कुटुंब सांभाळायचं ठरवलं. त्यातून जे शिकलो ते क्लबमध्ये काम करणाऱ्यांसाठी, रिंगमध्ये कुत्रं फिरवणाऱ्या जुन्या हँडलरांसाठी आणि पैदास करणाऱ्या ब्रीडरांसाठी इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी समोरचा नवखा कोण ते ओळखा

पुण्याच्या शोत साधारण चार तऱ्हेची नवी माणसं येतात. पहिली नुसती बघायला आलेली कुटुंबं. मुलांना कुत्रे दाखवायचे असतात, दुपारी परत जायचं असतं. दुसरी, घरचं कुत्रं पहिल्यांदाच रिंगमध्ये उतरवणारी. तिसरे म्हणजे इंदापूर, फलटण, सांगोला, जत या बाजूने जीपमध्ये आपलं कारवान जातीचं शिकारी कुत्रं घालून पहाटेच निघालेले शेतकरी आणि त्यांची तरुण मुलं. चौथी, कुत्रं घ्यायचं मनात असलेली आणि कोणती जात घ्यावी हे बघायला आलेली.

चौघांची गरज वेगळी असते. बघायला आलेल्याला बसायला जागा आणि जे चाललंय त्याचा अर्थ हवा असतो. कुत्रं घेऊन आलेल्याला वेळ, रिंग आणि नंबर यांची खात्री हवी असते. गावाकडून आलेल्याला सगळ्यात आधी मराठीत बोलणारा माणूस हवा असतो. आणि जात निवडायला आलेल्याला खरं सांगणारा हवा असतो, मग त्यात आपलं पिल्लू विकलं न गेलं तरी चालेल.

महिनाभर आधी: एक पान मराठीत

स्वागताची सुरुवात मैदानावर होत नाही, प्रवेशपत्रकापासून होते. चॅम्पियनशिप शोचे अर्ज शोच्या बरेच दिवस आधी बंद होतात, कारण त्यानंतर कॅटलॉग छापायचा असतो. हे माहीत नसल्याने दरवेळी काही जण शोच्या दिवशी सकाळी कुत्रं घेऊन फाटकावर येतात आणि परत जातात. शिवाय नोंद न केलेलं कुत्रं आवारात आणू देत नाहीत. ‘आमचा शेरू नुसता बघायला आलाय’ म्हणणाऱ्या माणसाला फाटकावर नाही म्हणावं लागतं, तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही. हे एका ओळीत आधी सांगता येतं.

म्हणून इंग्रजी पत्रकासोबत मराठीत एक पान काढा. त्यात काय असावं? अर्जाची शेवटची तारीख, मोठ्या अक्षरात. गाडी कुठे लावायची. सकाळी किती वाजता यायचं. नोंद नसलेलं कुत्रं आणू नका. लसीकरणाचं पुस्तक सोबत ठेवा. माजावर आलेली मादी असेल तर आधी फोन करा. आणि एका माणसाचं नाव व फोन नंबर, ‘पहिल्यांदाच येताय? यांना विचारा’ असं लिहून. तो फोन उचलणारा माणूस मात्र शांत डोक्याचा निवडा. शोच्या आदल्या आठवड्यात सेक्रेटरींना श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यांच्यावर हे टाकू नका.

कागदपत्रांचं मात्र सविस्तर समजवावं लागतं, कारण सगळ्यात जास्त मनं इथे दुखावतात. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था 1896 पासूनची, तिचं कार्यालय चेन्नईला. कुत्र्याचे ‘पेपर’ म्हणजे या संस्थेत झालेली नोंद आणि तिच्यावर छापलेली आई-बाप, आजा-आजी अशी वंशावळ. नोंदीसाठी कुत्र्याला मायक्रोचिप लावलेली असते, तिचा 15 आकडी नंबर कागदावर असतो. नवख्याची अडचण बहुधा दोनपैकी एक असते. पिल्लू घेताना ‘पेपर नंतर देतो’ असं ऐकलेलं असतं आणि ते नंतर कधी उजाडलेलं नसतं. किंवा पेपर असतात, पण त्यावर मालक म्हणून अजून ब्रीडरचंच नाव असतं, कारण मालकी बदलून घ्यावी लागते हे कुणी सांगितलेलं नसतं. दुसरी अडचण वेळेत सुटते. फोनवर पहिल्याच संभाषणात ‘कागदावर नाव कुणाचं आहे?’ एवढं विचारलंत तर शोच्या दिवशीचा मनस्ताप वाचतो.

पेपर नसतीलच तर स्पष्ट सांगा, पण नीट सांगा. ‘तुमचं कुत्रं या शोच्या वर्गात बसत नाही, कारण इथे नोंदलेल्या वंशाचीच कुत्री बघतात. तुमच्या कुत्र्यात काही कमी आहे म्हणून नाही. तुम्ही मात्र नक्की या, मी तुम्हाला रिंगच्या कडेला बसवून सगळं दाखवतो.’ हे म्हटल्यावर माणूस येतो. ‘विदाउट पेपर? मग नाही चालणार’ म्हणून फोन ठेवला की तो येत नाही, आणि दहा जणांना सांगतो.

पंधरा दिवस आधी: सरावाचा रविवार

माझ्या मते नव्या माणसावर सगळ्यात जास्त उपकार होतात ते इथे, आणि खर्च काहीच नाही. एखाद्या सोसायटीची मोकळी पार्किंग, कुणाचं फार्महाउस, शाळेचं परवानगी घेतलेलं पटांगण, काहीही चालतं. चार कोपऱ्यांना खुर्च्या ठेवल्या की रिंग तयार.

काय शिकवायचं ते थोडकंच आहे. कुत्रं डाव्या हाताला, जज आणि कुत्रं यांच्यामध्ये आपण येणार नाही असं चालायचं. रिंगला फेरी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, दुडक्या चालीत, कारण त्या चालीत खांदा, पाठ आणि मागचे पाय कसे काम करतात ते उघड दिसतं. मग सरळ जाऊन सरळ परत येणं आणि त्रिकोणी फेरी. मग उभं करणं, ज्याला रिंगमध्ये ‘स्टॅक’ म्हणतात: पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे थोडे मागे, मान वर. लहान जातींना टेबलावर उभं राहायची सवय. घरचा पट्टा आणि बकल खूप जाड असेल तर शो-लीड, म्हणजे शोसाठीचा बारीक पट्टा, कसा धरायचा. हातात उकडलेल्या लिव्हरचे किंवा चिकनचे बारीक तुकडे.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे परक्या हाताचा स्पर्श. जज ओठ वर करून दात बघतात, पाठीवरून, फासळ्यांवरून हात फिरवतात, आणि नर असेल तर दोन्ही वृषणं उतरली आहेत का हे चाचपतात, कारण जातींच्या मानकांत, म्हणजे लेखी वर्णनांत, तसं लिहिलेलं असतं. हे आधी न सांगितल्याने मालक रिंगमध्ये दचकतो, कुत्रं त्याहून दचकतं. सरावाला आलेल्या प्रत्येकाने इतर तिघांच्या कुत्र्याचे दात बघावेत आणि पाठीवरून हात फिरवावा. तासाभरात कुत्र्यांना त्याचं काही वाटेनासं होतं आणि माणसांची ओळख होते. शोच्या दिवशी मैदानावर चार ओळखीचे चेहरे असणं ही फार मोठी गोष्ट आहे. नसबंदी केलेल्या नराचा मालक भेटला तर त्याला याच दिवशी सांगा की वर्गात उतरण्याआधी क्लबला विचारावं लागेल. आणि त्याने नसबंदी केली हे चांगलंच केलं, हेही त्याच दमात सांगा.

शोच्या सकाळी: फाटकापासून रिंगपर्यंत

फाटकाजवळ वेगळं टेबल लावा आणि त्यावर ठळक ‘पहिल्यांदाच आलात? इथे या’ एवढंच लिहा. टेबलामागे दोन माणसं पुरतात, पण ती स्वतः कुत्रं दाखवणारी नसावीत. ज्याचा वर्ग दहाला आहे तो साडेनऊला टेबल सोडून पळणारच. क्लबमधल्या कुणाची घरची मंडळी, कॉलेजातली मुलं, पशुवैद्यकीयचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात.

नवं कुटुंब आलं की पहिला प्रश्न काय विचारता यावर बरंच ठरतं. आपल्याकडे सवयीने ‘कुठल्या लाईनचं (वंशाचं) आहे?’ किंवा ‘ब्रीडर कोण?’ असं विचारलं जातं. ज्याला हे माहीत नाही तो तिथेच लहान होतो. त्याऐवजी कुत्र्याचं नाव विचारा. ‘काय नाव हिचं? किती महिन्यांची झाली?’ याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि प्रत्येकजण ते खुशीने देतो. वाकून लगेच हात लावू नका, आधी ‘हात लावू का?’ असं विचारा. आपण विचारलं की तोही इतरांच्या कुत्र्यांना हात लावण्याआधी विचारतो. दोन तास पावडर लावून, केस उभे करून ठेवलेल्या पूडलवर कुणी प्रेमाने हात फिरवला की होणारी आरडाओरड यामुळे टळते.

मग कॅटलॉग उघडून त्यांचं पान दाखवा. पेनने नंबराभोवती गोल करा. वर्गाचं नाव मराठीत लिहून द्या: ‘ज्युनिअर, मादी’. माइकवर मादीला ‘बिच’ म्हणतात हे आधीच सांगा. शोचा तो साधा शब्द आहे, पण सासूबाईंना सोबत घेऊन आलेल्या सुनेला तो अचानक कानावर पडला की अवघडल्यासारखं होतं. नंबराचं कार्ड डाव्या दंडाला लावून द्या. आणि रिंग बोटाने दाखवू नका, चालत तिथपर्यंत जा. वाटेत पाण्याचा नळ, मांडवाची सावली, कुत्र्याला लघवीला नेण्याची जागा आणि माणसांचं स्वच्छतागृह दाखवा. घाण उचलायला कागद नसेल तर हातात पिशवी द्या.

शेवटी सोबती नेमा. एका कुटुंबाला एक माणूस, त्याचा फोन नंबर. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य पुरत नाही, कारण नवखा माणूस काही सांगत नाही. ‘तुमचा वर्ग साधारण अकराला येईल, मी पावणेअकराला इथे येतो’ असं म्हणा आणि या.

रिंगच्या कडेला काय समजवायचं

बघ्याला पडलेला मूळ प्रश्न असा असतो: ‘सगळेच छान आहेत, मग हा का जिंकला?’ याचं उत्तर सोपं करून देता येतं. जज एका कुत्र्याची दुसऱ्याशी थेट तुलना करत नाहीत. त्या जातीचं कुत्रं कसं असावं याचं लेखी वर्णन असतं, त्याला मानक म्हणतात, आणि त्याच्या जास्तीत जास्त जवळ कोण जातं ते बघतात. हे का बघायचं, तर पुढची पिढी कुणापासून वाढवावी हे ठरवण्यासाठी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जून 1859 मध्ये झालेल्या ज्या प्रदर्शनाला आजच्या शोची सुरुवात मानतात, त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर ही शिकारीची कुत्री होती. कामाची कुत्री निवडणाऱ्यांचा तो खटाटोप होता, हे कळलं की दात आणि सांधे का तपासतात ते आपोआप कळतं.

मग पायऱ्या सांगा. एका जातीतले नर आधी, वयाच्या वर्गांप्रमाणे. वर्ग जिंकलेले नर परत येतात, त्यातल्या सर्वोत्तमाला चॅलेंज सर्टिफिकेट, बोलण्यात ‘सीसी’. माद्यांचं तसंच. मग त्या दोघांतून आणि रिंगमध्ये असलेल्या चॅम्पियनांतून जातीतला सर्वोत्तम. तो आपल्या ग्रुपच्या, म्हणजे सारख्या जातींच्या गटाच्या, रिंगमध्ये जातो आणि ग्रुपचे विजेते संध्याकाळी ‘बेस्ट इन शो’साठी येतात. ठरलेल्या संख्येने सीसी वेगवेगळ्या जजकडून मिळाले की कुत्र्याच्या नावापुढे चॅम्पियन लागतं. एवढं कळलं की माणूस दुपारी घरी जात नाही. सकाळी आवडलेल्या डॉबरमनचं पुढे काय होतं हे बघायला संध्याकाळपर्यंत थांबतो.

मुलं सोबत असतील तर ज्युनिअर हँडलिंगची वेळ आवर्जून सांगा. तिथे कुत्र्याला नाही, मुलाच्या कुत्रं हाताळण्याला गुण असतात. आपल्याच वयाची मुलगी भल्यामोठ्या ग्रेट डेनला घेऊन ऐटीत फेरी मारताना बघितली की दहा वर्षांचं पोर घरी जाऊन सुतळीने सराव सुरू करतं.

कारवान घेऊन आलेल्यांसाठी

यावर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण इथे आपण सर्वांत जास्त कमी पडतो.

मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानाने ज्या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं, ती कारवान कुत्री कर्नाटकाच्या सीमेपासून सोलापूर, सांगली, लातूरपर्यंत शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळ होतं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख केल्यावर गावोगावच्या मुलांमध्ये शोची उत्सुकता आणखी वाढली. म्हणजे ज्या माणसाला आपण ‘नवखा’ म्हणतो, त्याच्या घरात ही जात आपल्या क्लबपेक्षा जुनी असू शकते. त्याला फक्त रिंग नवी असते.

त्याची पहिली ठेच नावापाशी लागते. तो म्हणतो ‘मुधोळ’ किंवा ‘कारवान’. केनेल क्लब ऑफ इंडियात जातीचं नाव ‘कॅरॅव्हन हाउंड’ असं आहे. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव इंडियन नॅशनल केनेल क्लब या दुसऱ्या संस्थेच्या नोंदीत वापरतात. तो कॅटलॉगात ‘म’ शोधत बसतो आणि त्याचं कुत्रं भलत्याच पानावर असतं. टेबलावरच्या माणसाला एवढं ठाऊक असलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी ठेच लोकांच्या बोलण्याची. ‘एवढं हाडकुळं? खायला घालत नाही का?’ असं शहरातली माणसं त्याच्या तोंडावर म्हणतात. शेजारी उभं राहून शांतपणे सांगावं की ही नजरेने शिकार हेरून पळणारी जात आहे, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि निमुळता बांधा हेच तिचं रूप. तो शेतकरी ते ऐकत असतो. आपल्या बाजूने कुणीतरी बोललं हे तो विसरत नाही.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. हे कुत्रं परक्याला सहज अंगाला हात लावू देत नाही. मळ्यात राखणीला असलेलं कुत्रं माइक, मांडव आणि दोनशे कुत्र्यांच्या गोंगाटात बुजून जातं. त्याला सकाळी लवकर आणून मैदानाच्या कडेने दोन फेऱ्या मारायला लावा. मालकाला ‘कुत्रं नीट ट्रेन करून आणा’ असं सुनावू नका. ‘दादा, घरी रोज एका शेजाऱ्याकडून दात बघून घ्या, पुढच्या वेळी बघा फरक’ असं म्हणा. आणि ‘कुठल्या गावचं?’ हे विचारायला विसरू नका. त्याच्या कुत्र्याची आई कुठल्या वस्तीवरची, बाप कुणाकडचा, हे तो तोंडपाठ सांगेल. वंशावळ म्हणतात ती हीच, फक्त कागदावर आलेली नाही. ती कागदावर कशी आणायची याची माहिती क्लबमधल्या जाणत्या माणसाकडून त्याला त्याच दिवशी मिळवून द्या.

त्याची पाळी येते तेव्हा

इथे फार बोलू नये. वर्गाला दहा मिनिटं असताना रिंगपाशी न्या आणि आधीचा एक वर्ग पूर्ण बघू द्या. जज काय करायला सांगतात, त्रिकोण की सरळ, ते पाठ होतं. रांगेत पहिला उभा राहू देऊ नका. रिंगमधली व्यवस्था बघणाऱ्या स्ट्युअर्डना आधी सांगून ठेवलं की ते अनुभवी हँडलरला पुढे घेतात. रिंगमध्ये आपण हँडलर असलो तर नवख्याच्या कुत्र्याच्या शेपटाला लागून आपलं कुत्रं पळवू नये, तीन-चार पावलांचं अंतर ठेवावं. जजशी गप्पा मारायच्या नाहीत, विचारलं तर फक्त कुत्र्याचं वय सांगायचं, हे त्याच्या कानावर घाला. बाहेरून सूचना ओरडू नका. नवखा आवाजाकडे बघतो, कुत्रं त्याच्याकडे बघतं, आणि दोघांची लय जाते.

हरल्यानंतरची दहा मिनिटं

पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा हरतो. तो पुन्हा येणार की नाही हे पुढच्या दहा मिनिटांत ठरतं, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. फाटकावरचं टेबल, मराठी पान, सराव, सगळं केलं आणि ही दहा मिनिटं चुकली तर केलेलं वाया जातं.

तो रिंगबाहेर येतो तेव्हा सोबती तिथे असलाच पाहिजे. पहिलं काम कुत्र्याला पाणी आणि शाबासकी. मालकापेक्षा आधी कुत्र्याशी बोला, मालकाला सावरायला तेवढा वेळ मिळतो. मग त्याने खरोखर जे चांगलं केलं ते सांगा, नेमकं सांगा. ‘दुसऱ्या फेरीत तुम्ही वेग कमी केलात, तेव्हा ती फार सुंदर चालली’ हे ऐकून माणूस खुलतो. ‘छान होतं’ या मोघम बोलण्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

काय बोलू नये? एक: कुत्र्यातले दोष, त्याने विचारल्याशिवाय. दोन: ‘पेट क्वालिटी आहे’ हे शब्द. ज्या कुत्रीने रात्री त्याच्या आजारी आईच्या पायाशी बसून पहाट केली, तिला आपण एका शब्दात दुय्यम ठरवतो. शोच्या मानकात बसत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तो सांगायला दुसरे शब्द आहेत. तीन, आणि हे सर्वांत घातक: ‘सगळं आधीच ठरलेलं असतं हो, इथे चेहरे बघून बक्षीस देतात.’ हे वाक्य नवखे बोलत नाहीत, आपण जुने बोलतो, स्वतःच्या हरण्याच्या रागात. नव्या माणसाला त्यातून सांत्वन मिळत नाही. इथे येण्यात अर्थ नाही एवढंच त्याला कळतं. एकच मानक दोन जज वेगवेगळ्या डोळ्यांनी वाचतात, एकाला डोक्याची ठेवण महत्त्वाची, दुसऱ्याला चाल. म्हणून एकाच कुत्र्याला दोन शोत वेगळं स्थान मिळतं. हे खरं आहे आणि एवढं सांगणं पुरतं. खरोखर तक्रार असेल तर ती सेक्रेटरींकडे लेखी द्यावी, चहाच्या टपरीपाशी नवख्याच्या कानात ओतू नये.

त्याने स्वतः विचारलं, ‘आमचं काय कमी पडलं?’ तर खोटं बोलू नका. जजिंग संपल्यावर, जजना मोकळा वेळ असेल तर, नम्रपणे त्यांनाच विचारता येतं. बहुतेक जज आनंदाने दोन वाक्यं सांगतात. सोबत जा. तुम्ही स्वतः सांगत असाल तर एक बदलता येणारी गोष्ट आधी सांगा, जसं वजन, नखं, चाल, पट्टा धरणं. हाडाची रचना बदलत नाही. त्याबद्दल त्याने पुन्हा विचारलं तरच बोला, आणि शेजारी त्याची मुलं उभी असतील तर नंतर बोला.

हरलेल्याला तिथेच पिल्लू विकायला जाणं हा प्रकार मी बघितला आहे आणि मला तो अजिबात पटत नाही. ‘हे राहू द्या, माझ्या कुत्रीच्या पुढच्या वितातलं पिल्लू घ्या, मग जिंकाल.’ त्याची कुत्री त्याच्या पायाशी बसलेली असते.

जिंकलेल्या हँडलरांनाही एक विनंती. ट्रॉफीचा फोटो झाला की वर्गातल्या नव्या माणसाकडे जाऊन हात मिळवा आणि त्याच्या कुत्र्याला नावाने हाक मारा. यात मिनिटभरही जात नाही आणि याची आठवण वर्षानुवर्षं राहते.

ऊन, पिल्लं, मुलं

पुण्यात शो मुख्यतः थंडीत होतात, तरी दुपारी मैदान तापतंच. कुत्र्याला घाम येऊन अंग गार होत नाही, ते धापा टाकून उष्णता बाहेर टाकतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींना धापा टाकूनही पुरत नाही. नवखा मालक हौसेने कुत्र्याला कपडे घालून आणतो किंवा गाडीत काचा लावून ‘पाच मिनिटं’ ठेवतो. त्याला प्रेमाने, पण लगेच थांबवा. लाळ गळतेय, हिरड्या लाल झाल्या, पाय लटपटतायत असं दिसलं तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मैदानावरच्या पशुवैद्यांना बोलवा. लस पूर्ण न झालेलं पिल्लू कुशीत घेऊन कुणी आलं तर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो हे सांगून त्याला घरी परत पाठवा. हे नाही म्हणणं त्या पिल्लाच्या हिताचं आहे. लहान मुलांना क्रेटच्या जाळीत बोट घालू देऊ नका आणि रिंगच्या दोरीखालून रांगू देऊ नका.

मंगळवारचा फोन

शो रविवारी संपतो. सोमवारी सगळे थकलेले असतात. फोन मंगळवारी संध्याकाळी करावा. कुत्रीची चौकशी करा, फोटो काढले असतील तर पाठवा, पुढचा शो कधी आणि अर्ज कधी बंद होतात ते सांगा. दोन-तीन शो झालेल्या माणसाला काहीतरी काम द्या: नंबराची कार्डं वाटणं, रिंगची दोरी बांधणं, किंवा ते फाटकाजवळचं टेबल सांभाळणं. काम मिळालं की माणसाला ती जागा आपली वाटू लागते.

गेल्या शोत आमच्या त्या टेबलावर जतकडचा एक मुलगा होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा कारवान रिंगमध्ये जजना हातच लावू देत नव्हता आणि तो रडवेला होऊन बाहेर आला होता. या वेळी एक आजी नातवाचा बीगल घेऊन आल्या. त्याने खुर्ची पुढे केली, खाली बसला आणि विचारलं, ‘आजी, काय नाव याचं? हात लावू का?’